तारागोनाला आम्ही चौघं

इंग्रजीतला ‘वी’ एक, मराठीत मात्र दोन असतात, हे अनिशला तिसाव्या वर्षापर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं. लीड्समध्ये जन्मला, लीड्समध्ये वाढला, तिथल्याच हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट झाला. मराठी बोलायचा ती घरापुरती, तीही आईनं समजून घ्यावी अशी. त्याला ‘आपण’ तेवढं ठाऊक. लग्न होऊन स्वराली नागपूरहून आली, त्या पहिल्याच महिन्यात तो कामावरून येऊन म्हणाला होता, “आज आपण वॉर्डवर पिझ्झा मागवला. मस्त होता.”

“आपण? मग माझा तुकडा कुठंय?” तिनं हात पुढे केला होता.

त्याला काही कळेना. मग तिनं त्याला समोर बसवून समजावलं. आपण म्हणजे ज्याच्याशी बोलतोस तोही त्यात. आम्ही म्हणजे तो सोडून बाकीचे.

“म्हणजे समोरच्याला तोंडावर सांगायचं, तू नाहीस? दॅट्स ब्रूटल.”

“मग काय पाठीमागे सांगायचं?”

दोघंही हसले होते. अनिशच्या बोलण्यात त्यानंतरही फरक पडला नाही. जिथेतिथे आपण. आपण मीटिंगला होतो, आपण मॅच हरलो, आपण लहानपणी कुत्रा पाळला होता. ऐकून ऐकून स्वरालीनं त्याच्या ‘आपण’मधून स्वतःला आपोआप वजा करायची सवय लावून घेतली होती. चार वर्षांत तिचं हे गणित कधी चुकलं नव्हतं. चुकलं ते एकदाच.

जूनमधला रविवार होता. दिया साडेतीन वर्षांची, उंच खुर्चीत आता मावत नाही आणि साध्या खुर्चीत टेबलाला पुरत नाही, म्हणून फोन डिरेक्टरीवर बसवलेली. स्वराली तिच्यासाठी द्राक्षं चिरत होती, उभी, चार फाका करून. गोल द्राक्ष घशात अडकतं हे तिनं नऊ ठिकाणी वाचलेलं. सासरे, कमलाकर, पेपरमागे. सासूबाई, आशाताई, टोस्टला लोणी लावताना.

“ऑक्टोबरमध्ये बाबांना सेव्हंटी होतात,” अनिश म्हणाला. “आपण तारागोनाला जाऊया. स्पेन. रोमन शहर आहे, समुद्राच्या काठी. लीड्सहून सरळ फ्लाइट.”

स्वरालीच्या हातातली सुरी थांबली. तो तिच्याकडे बघून बोलत होता. हसत होता. आणि गाव कुठलं निवडलं होतं! पॅरिस नाही, डिस्नी नाही. स्वरालीनं नागपूरला प्राचीन इतिहासात एमए केलं होतं. दुसऱ्या वर्षी त्यांची सहल मराठवाड्यातल्या तेरला गेली होती, तिथे काचेच्या कपाटात रोमन सुरईच्या खापराचा तळहाताएवढा तुकडा तिनं पाहिला होता, आणि सर म्हणाले होते, बघा पोरींनो, ही दारू समुद्र ओलांडून आलीय, आपल्याला अजून एसटीतून नळदुर्ग ओलांडता येत नाही. त्या तुकड्यावर तिनं साठ पानांचा प्रबंध लिहिला. इथे आल्यावर त्या शिक्षणाचा उपयोग एवढाच झाला होता, की यॉर्कला रोमन अवशेष बघताना ती पाट्या न वाचता पुढे जायची. अनिशला हे सगळं माहीत होतं. तिला वाटलं, लक्षात ठेवलं यानं.

“आपण?” तिनं विचारलं. विचारलं, हे महत्त्वाचं. 

“हो, आपण. ऑल ऑफ अस.”

दुपारीच तिनं निळी फाईल काढली.

त्या फाईलमध्ये काय नव्हतं? अँफिथिएटर अगदी समुद्राला लागून आहे, पायऱ्यांना कठडा सगळीकडे नाही, दियाचा हात सोडायचा नाही. रथांच्या शर्यतीच्या मैदानाखाली दगडी बोगदे आहेत, आत गार, दियाचं जाकीट. बाबांच्या गुडघ्यांसाठी जुन्या गावातला कमी चढाचा रस्ता, पेन्सिलीनं आखलेला. शहराबाहेर पाणी आणायचा दोन मजली दगडी पूल, सैतानाचा पूल म्हणतात. वरून चालत जाता येतं. त्यापुढे लाल शाईत: दियाला वर न्यायचं नाही. कोणीही. कुठल्याही परिस्थितीत. दियाला अक्रोड चालत नाही, अंगावर गांधी उठतात, म्हणून ‘अक्रोड आहे का’ हे स्पॅनिशमध्ये आणि त्या भागातल्या दुसऱ्या भाषेत, दोन्हीत लिहून घेतलेलं. जवळच्या दवाखान्याचा पत्ता. मुलांच्या तापाच्या औषधाला तिकडे काय म्हणतात ते.

“पिकनिकला जायचंय की लढाईला?” आशाताई डोकावून म्हणाल्या. “तुम्हा नागपूरकडच्यांना प्रत्येक गोष्टीचा बाऊ करायची सवयच.”

“काळजी घेऊन राहिली, आई. बाऊ नाही.”

“घेऊन राहिली!” आशाताई हसल्या. नागपुरी बोलणं स्वरालीच्या तोंडून निसटलं की त्या नेमकं उचलून परत ठेवायच्या, कुणाच्या ताटात केस सापडावा तसं.

आशाताईंची मराठी मात्र दादरची, अठ्ठ्याऐंशी साली विमानात बसली ती तशीच घडी न मोडता ठेवलेली. त्यांच्या तोंडी चूक सापडायची नाही. आणि त्यांनी, जुलैत कधीतरी, ठाण्याच्या मावसबहिणीला फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, “ऑक्टोबरात आम्ही चौघं जातोय गं स्पेनला.”

स्वराली तेव्हा जिन्यात कपड्यांची टोपली घेऊन उभी होती. तिनं मोजलं. बाबा, आई, अनिश, मी. चार. दियाला कोण मोजतं, पोर मांडीवरचं. आणि आम्ही म्हणाल्या ते बरोबरच, समोर मावसबहीण होती, ती थोडीच येणार आहे. हिशोब बसला. ती टोपली घेऊन वर गेली, आणि जाता जाता सासूबाईंनी आपल्याला चौघांत धरलं याचं तिला थोडं बरंही वाटलं. 

अडचण एकच होती. घरातले बाकी सगळे ब्रिटिश पासपोर्टवाले, दियासुद्धा. स्वरालीचा पासपोर्ट भारताचा, इथे राहायची परवानगी नवऱ्याच्या नावानं. स्पेनला जायचं तर तिला एकटीला व्हिसा लागणार. व्हिसासाठी अपॉइंटमेंट लागणार, आणि उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळता मिळत नाहीत. रोज सकाळी दियाची लापशी ढवळता ढवळता ती दुसऱ्या हातानं फोनवर बघायची. तेवीस दिवस नाही, नाही, नाही. चोविसाव्या दिवशी मँचेस्टरची मिळाली. अकरा सप्टेंबर, सकाळी सव्वादहा. लापशी बुडाला लागली आणि ती दियाला उचलून स्वयंपाकघरात गरागरा फिरली.

“आई, काय झालं?”

“आपण जाणार!”

“आपण म्हणजे मी पण?”

“आपण म्हणजे तू पण.”

कारण दियाच्या बाबतीत स्वरालीनं ठरवून ठेवलं होतं, की हिची मराठी बापासारखी होऊ द्यायची नाही. त्यांचा एक खेळ होता. बिस्किटांची पुडी उघडायची आणि कापडी सशाला म्हणायचं, “आम्ही बिस्किट खातो, तू नाही.” मग सशाचं तोंड पाडायचं. मग म्हणायचं, “बरं चल, आपण खाऊ,” आणि ससा टेबलावर उड्या मारायचा. दियाला सशाचं तोंड पाडायलाच जास्त आवडायचं. आठवडाभरात तिला असं पक्कं जमलं, की नर्सरीला निघताना ती दारातून सशाला ओरडून सांगायची, “आम्ही चाललो! तू नाही!”

सप्टेंबर उजाडला. फॉर्म झाला, फोटो झाले, अनिशच्या पगाराच्या स्लिपा झाल्या. राहिला हॉटेलच्या बुकिंगचा कागद, ज्यावर तिचं नाव पाहिजे.

“अनिश, तो कागद?”

“पाठवतो.”

“अनिश, कागद पाठवलास का?”

“अगं, मी विसरला. उद्या नक्की.”

“अनिश, परवा अपॉइंटमेंट आहे.”

“आय नो, आय नो. शिफ्ट संपली की करतो.”

आणि कागद मिळाला तो त्याच्याकडून नाहीच. नऊ तारखेला दुपारी आशाताई फोन पुढे करत म्हणाल्या, “अगं, तुला तो प्रिंटर ऐकतो, माझं काही ऐकत नाही. हे एवढं हॉटेलचं काढून दे. फोनवर माझा विश्वास नाही, पर्समध्ये कागद असलेला बरा.”

स्वरालीनं मागच्या खोलीत जाऊन प्रिंटर लावला. त्यानं घरघर केली, एक पान ओढलं, बाहेर ढकललं. हॉटेलचं नाव. समुद्राकडची खोली, दोन. बुक केल्याची तारीख नऊ जुलै. खाली पाहुणे, एकाखाली एक: मिस्टर. मिसेस. मिस्टर. मिस.

कमलाकर, आशा, अनिश, दिया.

चौघं. पोर मोजलं होतं.

पहिल्यांदा तिनं काय केलं, तर प्रिंटरमध्ये हात घालून दुसरं पान अडकलंय का ते पाहिलं.

पान घेऊन ती स्वयंपाकघरात आली. आशाताई भेंडी पुसत होत्या, एकेक, फडक्यानं. अनिश नुकताच आला होता, गळ्यात ओळखपत्र तसंच. कमलाकर खिडकीशी. दिया टेबलाखाली.

“यात माझं नाव नाही,” स्वराली म्हणाली.

अनिशनं पान हातात घेतलं आणि जरुरीपेक्षा जास्त वेळ वाचलं. “ओके. ओके, सो. जुलैमध्ये तुझे स्लॉट मिळत नव्हते ना. फ्लाइट भरत होती. आपण म्हटलं आत्ता बुक करून टाकू, तुझं नंतर अ‍ॅड करू.”

“आपण कोण?”

“आपण. मी, आई.”

“मग नंतर?”

“मग... फ्लाइट फुल झाली. ऑगस्टमध्ये. आय वॉज गोइंग टू टेल यू. पण तू इतकी एक्साइटेड होती, ती फाईल, आणि अपॉइंटमेंट पण मिळाली तुला. माझा चूक आहे. आय एम सॉरी.”

“माझी चूक,” स्वराली म्हणाली. दुरुस्त करायची सवय. म्हटल्यावर तिचं तिलाच ते वाक्य कसंतरी ऐकू आलं.

“अगं, तुझी कशाला चूक,” आशाताई म्हणाल्या. भेंडी पुसणं थांबलं नव्हतं. “कुणाचीच नाही. चार दिवसांचा प्रश्न आहे. तूसुद्धा जरा पाय पसरून पड. साडेतीन वर्षं एक रात्र सलग झोपली नाहीस. दियाला आम्ही बघू.”

“दियाला?”

“मग? आजोबांची सत्तरी आणि नात नको? मी दोन मुलं वाढवलीत इथे, त्या काळात, कुणी नव्हतं मदतीला. आणि एक सांगू? आम्हाला नाही का मागे राहावं लागलं? आठ वर्षं माझा पासपोर्ट आपलाच होता, भारताचा, निळा. हे ऑफिसबरोबर पॅरिसला गेले, मी इथे पडदे धुतले. मेले नाही मी.”

“तुम्हाला आधी सांगितलं होतं की नाही, आई? की तुम्ही येत नाही आहात म्हणून?”

आशाताईंनी भेंडी खाली ठेवली. “मी काय खोटं बोलले गं तुझ्याशी? मी कधी ‘आपण’ म्हटलं? एकदा तरी? आठवून बघ.”

स्वरालीनं आठवून पाहिलं. खरंच नव्हतं म्हटलं. अडीच महिने त्या बाईनं एकदाही शब्द चुकवला नव्हता. आम्हाला जाकिटं लागतील. आम्ही कुठल्या बाजूला बसावं विमानात? तुझ्या त्या यादीत आमच्यासाठी चालायचं कमी ठेव हो. प्रत्येक वेळी उघड उघड सांगितलं होतं, आणि स्वराली, जी सगळ्यांना व्याकरण शिकवते, ती म्हातारीचं इंग्लंडात शब्दांचं भान सुटलं असेल म्हणून सोडून देत आली होती. विश्वास ठेवला होता तो घरातल्या त्या माणसाच्या ‘आपण’वर, ज्याला त्याचा अर्थच ठाऊक नव्हता.

“मला विचाराल,” कमलाकर पेपर न हलवता म्हणाले, “तर मला व्हिटबी चाललं असतं. फिश अँड चिप्स खाऊन संध्याकाळी घरी. पण मला विचारलंय कोणी.”



“आणि हे बघ,” आशाताईंचा आवाज आता मऊ झाला, “ती फाईल तेवढी देऊन ठेव. किती छान केलीयेस. वाया नको जायला.”

स्वराली अकरा तारखेला मँचेस्टरला गेली नाही. फाईल मात्र तिनं दिली. देताना अक्रोडाचं पान वर घेतलं, त्यावर पिवळी चिठ्ठी चिकटवली. दिया जाणार हे तेव्हा तिनं मनात जवळजवळ धरलंच होतं. भांडण कशाला, पोर समुद्र बघेल. पण दिवसा स्वयंपाक करता करता तिला तो पूल दिसायचा. वरची अरुंद वाट, अनिश फोन वर धरून फोटो काढतोय, आशाताई पर्समध्ये काहीतरी शोधतायत, आणि दियाचा हात कुणाच्याच हातात नाही. उद्यानात गेल्याच महिन्यात, तळ्यापाशी, अनिशनं ‘टू सेकंड्स’ मान वळवली होती. स्वरालीनं त्याच दोन सेकंदांत दियाला फ्रॉकला धरून मागे ओढलं होतं. त्याला ते आजतागायत माहीत नाही. 

ऑक्टोबरात, निघायच्या आदल्या दिवशी, दिवाणखान्यात बॅगा उघड्या पडल्या होत्या. आशाताईंनी दियाला नवी लाल सूटकेस आणली होती, चाकांची, लेडीबगचे डोळे काढलेली. दिया ती घेऊन सोफ्याभोवती गरगर फिरत होती. 

“स्वराली, दियाचा पासपोर्ट दे ना,” अनिश म्हणाला. “ऑनलाइन चेक-इन करतो.”

दियाचा पासपोर्ट वर होता, स्वरालीच्या कपाटात, तिच्या स्वतःच्या पासपोर्टला चिकटून. ती उठली.

दिया सूटकेस घेऊन तिच्यासमोर येऊन उभी राहिली. मान वर केली. सशाकडे बघावं तसं आईकडे बघितलं आणि खणखणीत म्हणाली, “आई, आम्ही विमानात बसणार. तू नाही.”

आशाताईंना कौतुक आवरेना. “अगो बाई! आम्ही म्हणाली बघ! आपण नाही म्हणाली. एवढीशी पोर, आणि किती नेमकं. बापाला चौतीस वर्षांत जमलं नाही. तुझंच हो हे श्रेय, स्वराली.”

दिया आईच्या तोंडाकडे बघत राहिली. खेळात यानंतर तोंड पाडायचं असतं. मग समजूत घालायची असते. ती त्याची वाट बघत होती.

स्वराली खाली बसली, दियाच्या उंचीला. “दिया,” ती म्हणाली, “आपण नाही जाणार.”

“व्हॉट?” अनिश. “आपण नाही जाणार म्हणजे? बुकिंग झालंय. बाबांचा बर्थडे आहे!”

“तू जा. आई जातील, बाबा जातील. आपण नाही जाणार.”

“तू काय बोलते? आपण जातोय, आपण नाही जात. हू इज आपण?”

चार वर्षांत त्यानं हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला होता. त्याला उत्तर द्यायची गरज राहिली नव्हती. आशाताईंना कळलं होतं. त्यांचा चेहरा हळूहळू घट्ट होत गेला, साय धरत जावी तसा.

“पोरीवर सूड काढतेयस,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

“असेल,” स्वराली म्हणाली.

खरंच असेल, असं तिलाही वाटलं. काळजी कुठं संपते आणि सूड कुठं सुरू होतो, हे तिला त्या घटकेला सांगता आलं नसतं. एवढंच माहीत होतं, की वरच्या कपाटातून दियाचा पासपोर्ट एकटा खाली येणार नाही. 

दियाला समजायला अर्धं मिनिट लागलं. मग तिनं सूटकेस आईच्या गुडघ्यावर आपटली आणि कार्पेटवर आडवी पडून असं रडली, की एरवी नुसतं भिंतीवर ठोकणाऱ्या शेजारच्या मिसेस हॉलंड थेट दारात येऊन सगळं ठीक आहे ना विचारून गेल्या. संध्याकाळी ती आईच्या हातून जेवली नाही. अनिशनं भरवलं. भरवताना त्यानं स्वरालीकडे एकदाही बघितलं नाही. जाणार नाही असंही म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी टॅक्सी आली. कमलाकरांनी जाताना स्वरालीच्या डोक्यावर हात ठेवला. आशाताईंच्या पर्समधून निळ्या फाईलचा कोपरा दिसत होता. अक्रोडाची पिवळी चिठ्ठी काढून टाकलेली होती, आता तिचं काम नव्हतं. अनिशनं दियाचे मुके घेतले, तिला ‘आपण फोनवर बोलू’ म्हणाला. दारात अडखळला. “बाय,” तो स्वरालीला म्हणाला, आणि त्याच्या बाबतीत हे तरी एक वाक्य असं होतं, ज्याचा अर्थ शोधावा लागला नाही.

दिया खिडकीत सोफ्यावर उभी होती, सूटकेसची दांडी मुठीत, नाक काचेला लावलेलं. पडू नये म्हणून स्वरालीनं मागून तिच्या कमरेला हात लावला होता. दियानं तो ढकलला. तिनं पुन्हा लावला.

टॅक्सी कोपऱ्यावर थांबली, दिवा लुकलुकला, वळली. काचेवर दियाच्या श्वासाचा गोल उमटला.

“आम्ही गेलो,” दिया म्हणाली.

ते गेले, बाळा, असं दुरुस्त करायला स्वरालीनं तोंड उघडलं. दिया अजून रिकाम्या रस्त्याकडे बघत होती. स्वरालीनं तोंड मिटलं.